मुतखड्याची गोळी, मामांचं बीसीजी आणि बावीस पानी फॉर्म: सही करावी का?

चिंचोके (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा आरोग्यात टाकावा का नुसत्या गप्पांमध्ये हे कळेना, ॲडमिननी हवा तिथे हलवावा.

गेल्या मंगळवारी पहाटे तीनला जाग आली ती डाव्या बरगडीखाली कोणीतरी पान्हा लावून पिळतंय अशी. उलटी, घाम, फरशीवर लोळण. बायकोने आधी गॅस समजून ओवा दिला, मग इनो, मग सरळ रिक्षा बोलावली. कॅज्युअल्टीत कमरेत एक इंजेक्शन ठोकलं आणि अर्ध्या तासात मी माणसात आलो. सोनोग्राफी झाली, सीटी झाला, डाव्या मूत्रनलिकेत अगदी खाली लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी ६ एमएमचा खडा अडकलेला. डॉक्टर म्हणाले चार आठवडे थांबू, रात्री एक टॅम्सुलोसिन, दुखलं तर गोळी, पाणी भरपूर, ताप आला तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही लगेच यायचं, आणि लघवी गाळणीतून करा म्हणजे खडा सापडला तर तपासायला पाठवू.

इथवर ठीक. पण मला नेटवर उकरत बसायची खोड. टॅम्सुलोसिन मुळात प्रोस्टेटची गोळी निघाली. मग ब्रिटनमधला सस्पेंड नावाचा अभ्यास सापडला, २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. २४ हॉस्पिटलं, ११३६ पेशंटचा हिशोब, तीन गट. एका गटाला टॅम्सुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन (ही बीपीची गोळी), तिसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली कॅप्सूल. चार आठवड्यांत पुढे काही करायची वेळ न आलेले किती, तर ८१, ८० आणि ८० टक्के. म्हणजे मी रोज जी गोळी खातोय आणि सकाळी उठताना चक्कर येते म्हणून भिंत धरतोय, ती गोळी आणि काहीच नाही, यात फरक एका टक्क्याचा? मग देतात कशाला?

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. माझे मामा इचलकरंजीला असतात, वय ६४, तीस वर्षं कापडाच्या प्रोसेसमध्ये रंगखात्यात काढली, बिडी अजून चालू. दिवाळीच्या सुमारास लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही म्हणून कोणाला बोलले नाहीत, दोन महिन्यांनी परत गेलं तेव्हा मामीला लेंग्यावर डाग दिसला. दुर्बिणीतून गाठ काढली. रिपोर्ट कॅन्सरचा, हाय ग्रेड म्हणजे जोमाने वाढणारा, पण स्नायूपर्यंत गेलेला नाही. पिशवीत बीसीजी, म्हणजे टीबीची लस, सोडायचं ठरलं. दुसरं मत घ्यायला मुंबईला नेलं तर तिथले डॉक्टर म्हणाले एक ट्रायल म्हणजे उपचारांची चाचणी चालू आहे, बीसीजी अधिक सलाइनमधून इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) विरुद्ध नुसतं बीसीजी, विचार करून सांगा. आणि बावीस पानी फॉर्म हातात. मामा म्हणतात "मला उंदीर करताय काय रे". मामी म्हणते फुकट आहे तर घ्या. आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघतात कारण मी शिकलेला. मी बीकॉम आहे हो.

खवट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बिअर. खडा नाही गेला तरी दुःख जातं.

दुसऱ्याबद्दल गंमत करत नाही, मामांना लवकर बरं वाटो.

कोयनामाई

बाळा माझी दोन बाळंतपणं झाली आणि दोनदा मुतखडा झाला, तेव्हा मी सांगू शकते की बाळंतपण परवडलं, निदान शेवटी हातात काहीतरी मिळतं.

गोळ्या बंद कर असं मी म्हणत नाही पण कुळीथ घे. रात्री मूठभर भिजत घालायचे, सकाळी मऊ शिजवायचे, वरचं पाणी काढून त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी आणि एक आमसूल, दिवसातून दोन वेळा वाटीभर. आणि पानफुटीची दोन पानं अनशापोटी चावून. माझा खडा नवव्या दिवशी पडला, धाकट्या जावेचा बाराव्या, आमच्या पोस्टमनचा तर चौथ्याच दिवशी. आता याला काय म्हणशील, सगळे अभ्यास साहेबानेच करायचे का?

मूत्रपुराण

२२ वर्षं लघवीमार्गाचीच ऑपरेशनं करतोय म्हणून आयडी असा, नवीन लोकांनी दचकू नये.

चिंचोके, सस्पेंड तुम्ही बरोबर वाचलात पण तिथेच थांबलात. त्या अभ्यासात १० एमएमपर्यंतचे, नळीत कुठेही अडकलेले खडे घेतले होते, आणि त्यातले बरेचसे बारीक होते. बारीक खडा जातोच, त्याला गोळी द्या नाहीतर भजन म्हणा. नंतर चीनमध्ये ३२९६ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१८ साली छापला गेला, त्यात फक्त नळीच्या खालच्या टोकाचे ४ ते ७ एमएमचे खडे घेतले. तिथे टॅम्सुलोसिनवाल्यांचे ८६ टक्के पडले, नकली गोळीवाल्यांचे ७९. आणि आत शिरून बघितलं तर तो फायदा सगळा ५ एमएमच्या वरच्या खड्यांमध्ये होता. अमेरिकेत त्याच वर्षी ५१२ जणांचा अभ्यास आला, ९ एमएमच्या आतले सगळे खडे, तिथे ५० विरुद्ध ४७, म्हणजे परत शून्य. त्यामुळे आता सरसकट देऊ नये, पण खालच्या टोकाला ५ च्या वरचा खडा असेल तर द्यायला हरकत नाही असं आम्ही धरतो. तुमचा ६ आणि अगदी खाली. डॉक्टरांनी फसवलेलं नाही तुम्हाला. चक्कर येते ते मात्र त्यांना सांगा, आणि रात्री उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसा.

माई, तुमच्यासाठी एकच विनंती, त्या ८० टक्क्यांकडे परत बघा. ब्रिटनमध्ये ज्यांना काहीही दिलं नव्हतं, नुसती टोपी असलेली कॅप्सूल, त्यांच्यातल्या दहापैकी आठ जणांना महिनाभरात काही करावं लागलं नाही. आता समजा त्या गटाला आपण रोज सकाळी पानफुटी दिली असती. आज ब्रिटनभर पानफुटीचा जयजयकार चालू असता. ज्यांचा पडतो ते सांगत फिरतात, उरलेले दोघं आमच्या ओपीडीत येऊन बसतात आणि त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही काय काय खाल्लं होतं. मी विचारतो. बहुतेकांनी कुळीथ घेतलेला असतो.

कढण प्या जरूर, वाटीभर पाणी पोटात जातं आणि चवीला उत्तम. फोडणीत मीठ कमी घाला एवढंच.

कोयनामाई

म्हणजे पोस्टमनचा आपोआपच पडला म्हणायचं? असेल बाई. पण साहेब, मग तुमच्या गोळीने पडलेल्यांतले पण बरेच आपोआपच पडलेले ना?

मूत्रपुराण

बरोब्बर. चीनचा हिशोब लावला तर १०० जणांना गोळी दिली तेव्हा ७ जणांचा गोळीमुळे पडला, ७९ जणांचा कसाही पडलाच असता. आणि यातले ७ कोण हे मला सांगता येत नाही, त्यांनाही नाही. म्हणून ती नकली गोळी लागते.

खवट

माईंनी साहेबांची विकेट काढली असं मी समजत होतो तर साहेबांनी थर्ड अंपायर मागितला 😀

चिंचोके

कमरेत दिलेलं ते इंजेक्शन कसलं होतं मग? त्याच्यावर पण अभ्यास आहे का, कारण त्या माणसाच्या मी पाया पडायला तयार आहे.

मूत्रपुराण

डायक्लोफिनॅक असणार. दोह्याच्या इमर्जन्सीत १६०० च्या वर पेशंट घेऊन केलेला अभ्यास आहे, २०१६ चा. एका गटाला स्नायूत डायक्लोफिनॅक, दुसऱ्याला शिरेतून मॉर्फिन, तिसऱ्याला शिरेतून पॅरासिटामॉल. अर्ध्या तासात दुखणं निम्म्यावर आलेले अनुक्रमे ६८, ६१ आणि ६६ टक्के. म्हणजे साधं डायक्लोफिनॅक मॉर्फिनपेक्षा सरस ठरलं, आणि साइड इफेक्ट मॉर्फिनचे जास्त. मात्र ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा अल्सर आहे त्यांनी मेडिकलमधून आणून घरी टोचून घेऊ नये, कंपाउंडर कितीही ओळखीचा असला तरी.

आडवातिडवा

विषय निघालाच आहे तर माझं पण ऐका. चार वर्षांपूर्वी माझा ११ एमएमचा दुर्बिणीने फोडला, लेझर मारून. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. आत डीजे स्टेंट टाकला, म्हणजे किडनीपासून पिशवीपर्यंत मऊ नळी, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखा वेटोळा. डिस्चार्ज कार्डावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की चार आठवड्यांनी काढणे. मला कोणी तोंडाने सांगितलं नाही, मी कार्ड फाईलला लावलं आणि फाईल कपाटात. जळजळ व्हायची, सारखं जावं लागायचं, मला वाटलं ऑपरेशननंतर असंच असतं. चौदा महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने एक्सरे काढला तर टेक्निशियनने विचारलं काका हे आत काय आहे. नळीवरच खडे चढलेले, वरच्या वेटोळ्यावर लिंबाएवढा गोळा. पाठीतून भोक पाडून पीसीएनएल, मग परत खालून, तीन वेळा टेबलवर. पहिल्या ऑपरेशनच्या चौपट खर्च.

तेव्हा चिंचोके, गोळी जमली नाही आणि स्टेंट टाकायची वेळ आली तर काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने. आणि एक बायकोच्या मोबाइलमध्ये.

मूत्रपुराण

ही तक्रार अगदी खरी आहे आणि दुर्दैवाने सगळीकडची आहे. आम्ही आता स्टेंटचं वेगळं रजिस्टर ठेवतो आणि आमच्या हॉस्पिटलातली मुलगी फोन करते. तरी एखादा सुटतोच, नंबर बदललेला असतो.

दूधवाला_नव्हे

मला दोनदा झालाय. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दूध, दही, पनीर, टोमॅटो, पालक, वांगं सगळं बंद केलंय. खायचं काय? भात आणि ताक, तर ताक पण नको म्हणाले.

मूत्रपुराण

दूध बंद करणं हा आमच्याच धंद्याने पसरवलेला गैरसमज आहे, त्यामुळे चिडू नका. खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम कमी करा, हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की वर्षानुवर्षं कोणी तपासलंच नव्हतं. इटलीत पार्मा गावात बोर्गी नावाच्या डॉक्टरांनी तपासलं. १२० पुरुष, सगळ्यांना वरचेवर खडे होणारे आणि लघवीत कॅल्शियम जास्त जाणारे. निम्म्यांना कमी कॅल्शियमचं जेवण, निम्म्यांना कॅल्शियम नेहमीएवढं पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांनी, दूध तोडलेल्या ६० पैकी २३ जणांना परत खडा, दूध पिणाऱ्या ६० पैकी १२ जणांना. २००२ साली आलंय हे. कारण असं की जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला (खड्यातला दुसरा घटक) धरून ठेवतं आणि संडासातून बाहेर नेतं. कॅल्शियम नसलं की ऑक्सलेट मोकळं सुटतं, रक्तातून किडनीत.

अळूचं फदफदं खाऊन घशाला खाज येते ना, ते कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुयांमुळे. पालकातही ऑक्सलेट भरपूर. खायचंच असेल तर पालक पनीर खा, नुसता पालक ज्यूस काढून सकाळी पिऊ नका, ते आजकाल फार चाललंय. टोमॅटोच्या बियांनी बिचाऱ्यांनी कोणाचं काही केलेलं नाही. लोणचं, पापड, ठेच्यातलं मीठ, फरसाण, तिकडे हात आखडा.

आणि पाणी. याच बोर्गींचा १९९६ चा अभ्यास, पहिला खडा झालेले १९९ जण, अर्ध्यांना सांगितलं दिवसाला दोन लिटर लघवी होईल एवढं प्या, अर्ध्यांना काहीच नाही. पाच वर्षांत १२ टक्के विरुद्ध २७ टक्के. नीट वाचा, दोन लिटर पाणी नाही, दोन लिटर लघवी. मे महिन्यात जळगावात उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार लिटर पण कमी पडेल, निम्मं घामातच जातं. रंग बघा, पाण्यासारखा फिक्का हवा.

दूधवाला_नव्हे

आज रात्री पनीर. धन्यवाद.

पण मला पुन्हा होऊ नये म्हणून एक बीपीची लघवीची गोळी पण चालू आहे, हायड्रोक्लोरोथायझाइड, २५ ची. ती तरी ठेवू ना?

मूत्रपुराण

तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, बीपी असेल तर ती बीपीसाठी पण असेल. पण विचारा जरूर. स्वित्झर्लंडमध्ये नोस्टोन म्हणून ट्रायल झाली, ४१६ पेशंट, साधारण तीन वर्षं पाठपुरावा, २०२३ ला निकाल आला. परत खडा झालेले: नकली गोळीवर ५९ टक्के, १२.५ मिग्रॅवर ५९, २५ वर ५६, ५० वर ४९. गणिताने यात फरक म्हणता येईल असा फरक नाही. मी स्वतः वीस वर्षं ही गोळी लिहीत होतो हो. निकाल वाचला त्या रात्री झोप आली नाही म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी ओपीडीत पेन जरा थांबलं.

फाईल नं ९

मी मामांबद्दल लिहिते, कारण मधल्या पन्नास प्रतिसादांत मामा हरवलेच.

मुंबईत कॅन्सरच्या ट्रायल्समध्ये कोऑर्डिनेटर आहे, अकरा वर्षं झाली. फॉर्म समजावणं, रक्ताच्या नळ्या, फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिणं, पेशंटला एसटीचं भाडं मिळालं का बघणं, हे माझं काम. "उंदीर करताय काय" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते आणि मला त्याचा कधी राग येत नाही.

चिंचोके, मामांना एक गोष्ट आधी सांगा. या ट्रायलमध्ये नकली औषधाचा गट नाही. वाईटात वाईट काय होईल, तर नाणेफेकीत ते "नुसतं बीसीजी" मध्ये पडतील, म्हणजे इचलकरंजीत जे मिळणार होतं तेच. नाणेफेक कॉम्प्युटर करतो, डॉक्टर नाही, मी नाही, वशिला चालत नाही. एकदा एका आमदारांच्या भावासाठी फोन आला होता, आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि फोन तसाच स्पीकरवर ठेवला.

फॉर्म मराठीत मागा. हक्काने मागा, मिळालाच पाहिजे. पहिल्या पानावर सीटीआरआय नंबर असतो, तो सरकारी नोंदवहीचा, २००९ च्या जूनपासून भारतात नोंद केल्याशिवाय ट्रायल सुरू करता येत नाही. तो नंबर टाकून घरी बसून बघता येतं कोण करतंय, कुठे, किती पेशंट. मग तीन जागा शोधा: कुठले खर्च ट्रायल देणार आणि कुठले तुमचे (मामी म्हणतात तसं सगळंच फुकट असेल असं नाही), ट्रायलमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार (२०१९ च्या नियमांत हे आहे), आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर. कधीही बाहेर पडता येतं, कारण न सांगता, आणि बाहेर पडलं म्हणून पुढचे उपचार अडवता येत नाहीत.

सही तिथल्या तिथे करू नका. घरी न्या, मामींना वाचून दाखवा. जे म्हणतात "आत्ताच करा" त्यांच्याबद्दल मला शंका येते, मग ते आमचेच का असेनात.

शेवग्याची शेंग

माझ्या बाबांचं बीसीजी मागच्या वर्षी झालं, नुसतं बीसीजी, ट्रायल नाही. नक्की काय असतं ते सांगते म्हणजे मामांची भीती कमी होईल, किंवा वाढेल, पण माहिती तरी असेल.

ही तीच लस, दंडावर जिचा व्रण असतो, जिवंत पण मवाळ केलेले टीबीचे जंतू. दर गुरुवारी जायचं. सकाळपासून पाणी कमी. बारीक कॅथेटर घालून औषध आत सोडतात, पाच मिनिटांचं काम, मग दोन तास लघवी धरून ठेवायची. आम्हाला सिस्टरनी सांगितलं होतं दर पंधरा मिनिटांनी कूस बदला, तर बाबा घड्याळ लावून पाठ, डावी, पोट, उजवी, भाकरी भाजल्यासारखे. घरी आल्यावर सहा तास कमोडवर बसूनच जायचं, उडायला नको म्हणून, आणि फ्लश करण्याआधी ब्लीच टाकून पंधरा मिनिटं ठेवायचं. आई त्या संडासाला "लॅबोरेटरी" म्हणायची. रात्री थोडी कणकण, जळजळ, दर वीस मिनिटांनी जाणं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठीक. चौथ्या वेळी ताप चढला १०२ च्या वर, तेव्हा लगेच फोन केला, एक आठवडा पुढे ढकललं.

बाबा पाचव्या आठवड्यात म्हणाले एक आड एक करू, शरीराला आराम. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

मूत्रपुराण

शेवगाताई, तुमच्या डॉक्टरांकडे नाही म्हणायला कारण होतं. तुमच्या बाबांना जे सुचलं तेच युरोपातल्या डॉक्टरांनाही सुचलं होतं, डोस कमी वेळा देऊ, त्रास कमी, औषधाची टंचाई होती तीही भागेल. निंबस नावाची ट्रायल केली. ३४५ पेशंट झाले तोवर मधल्या हिशोबात दिसलं की कमी वेळा दिलेल्या १७० पैकी ४६ जणांना गाठ परत आली, नेहमीच्या पद्धतीत १७५ पैकी २१ जणांना. तिथल्या तिथे भरती बंद केली. चिंचोके, मामांना हे सांगा, मधेच आकडे उघडून बघणारी वेगळी समिती असते आणि तिला ट्रायल थांबवता येते.

आता सहाच आठवडे का, याची गोष्ट भन्नाट आहे. कॅनडात किंग्स्टनला मोरालेस म्हणून यूरॉलॉजिस्ट, त्यांनी १९७६ साली नऊ पेशंटवर पहिल्यांदा पिशवीतलं बीसीजी छापलं. त्यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या पाकिटात यायची. म्हणून सहा. आणि आज जगभर सहा. पुढे अमेरिकेत लॅम यांच्या ट्रायलने दाखवलं की सहावर थांबू नये, तीन वर्षं मधून मधून तीन-तीन डोस द्यावेत, त्याने गाठ न येता जाणारा काळ ३६ महिन्यांवरून ७७ महिन्यांवर गेला. पण पूर्ण तीन वर्षांचे सगळे डोस घेऊ शकलेले किती, तर १६ टक्के. बाबांची दमछाक होते ती त्यांची एकट्याची नाही.

टंचाईचं म्हणाल तर कॅनडातल्या एका कारखान्यात २०१२ मध्ये पाणी शिरलं, मग तिथलं उत्पादनच २०१७ ला बंद, आणि श्रीमंत देशांतले पेशंट रांगेत. आपल्याकडे पुण्यात सीरम ऑन्को-बीसीजी बनवते, मॉस्को जातीचा जंतू. म्हणून आपल्याला त्याची झळ तेवढी बसली नाही.

मामांच्या ट्रायलबद्दल प्रामाणिक उत्तर: नवीन औषध जोडल्याने फायदा होईलच असं कोणी सांगू शकत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात बर्लिनच्या परिषदेत अगदी याच धर्तीच्या दोन ट्रायल्सचे निकाल आले, ड्युरव्हॅलुमॅब जोडलेली पोटोमॅक यशस्वी, अटेझोलिझुमॅब जोडलेली अल्बान अपयशी. कागदावर दोन्ही औषधं सख्खी भावंडं. आणि इम्युनोथेरपीचे त्रास वेगळे, थायरॉइड, फुप्फुस, आतडी, क्वचित पण आयुष्यभर राहणारे. मामा दर तीन आठवड्यांनी इचलकरंजीहून मुंबईला येऊ शकतील का, हा प्रश्न मला औषधाइतकाच मोठा वाटतो.

रंगखात्याचं मात्र तिथल्या डॉक्टरांना नक्की सांगा. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या रेन नावाच्या सर्जनने एका रंगाच्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या पिशवीत कॅन्सर बघितला, तिथून हा सगळा विषय सुरू झाला. आणि बिडी. बिडी आजपासून बंद, ट्रायल असो नसो.

गुहागरी

अवांतर आहे पण राहवत नाही. लघवीतून रक्त म्हटलं की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी आठवतं. गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२ साली तिथल्या लोकांच्या लघवीतून जाणाऱ्या रक्तामागे शिस्टोसोमा हा कृमी असल्याचं छापलं, जो इजिप्त, आफ्रिकेत पिशवीच्या कॅन्सरला कारण होतो. गोगलगायीतून पाण्यात, पाण्यातून माणसात. आमच्या आजोळी अजून म्हणतात त्या पऱ्ह्यात उतरू नको, का ते कोणालाच माहीत नाही.

खवट

फाईलताई, एक सरळ प्रश्न. नाणेफेकीत जुन्या औषधात पडलेल्याला काय मिळतं? बाकीच्यांना नवीन आणि याला ठेंगा, वर फॉर्म भरा.

फाईल नं ९

नियमित तपासणी मिळते, चुकली की मी फोन करून डोकं खाते, हे काही कमी नाही. पण तुमचा प्रश्न तो नाही मला माहितीये.

पसरलेल्या पिशवीच्या कॅन्सरसाठी एनफोर्टुमॅब अधिक पेम्ब्रोलिझुमॅब ही नवी औषधांची जोडी, त्याचा निकाल २०२३ ला माद्रिदला सांगितला तेव्हा हॉलमधले डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते. सरासरी आयुष्य १६ महिन्यांवरून साडेएकतीस. ८८६ पेशंट होते. त्यातल्या ४४४ जणांना जुनीच केमो मिळाली. ते १६ महिने त्यांचे.

चिंचोके

उशिरा अपडेट देतोय, क्षमस्व.

मामांना रविवारी सगळं वाचून दाखवलं, इथले प्रतिसाद पण. निंबसचं ऐकून म्हणाले "म्हणजे मधेच कोणी तपासतं तर". भाकरी भाजल्यासारखं कूस बदलायचं ऐकून मामी हसली, खूप दिवसांनी. बुधवारी स्वतःहून म्हणाले करतो सही. शुक्रवारी मुंबईला नेलं, रक्त झालं, ईसीजी झाला, फाईल बघता बघता तिथल्या मॅडम थांबल्या. इचलकरंजीत आम्ही निर्णय घेईपर्यंत वेळ जायला नको म्हणून बीसीजीचे दोन डोस देऊन झाले होते. नियमात बसत नाही, आधी बीसीजी घेतलेलं चालत नाही. स्क्रीन फेल असा शब्द आहे म्हणे. मामांचं तोंड बारीक झालं. ज्या माणसाला उंदीर व्हायचं नव्हतं तो परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत गप्प होता, मग म्हणाला दहावीला पण असंच झालं होतं, फॉर्म भरायला एक दिवस उशीर. आता तिसरा डोस गुरुवारी, इचलकरंजीतच. बिडी तीन दिवस बंद आहे.

माझा खडा एकोणिसाव्या दिवशी पडला. ऑफिसला जायच्या घाईत होतो, गाळणीत टिक् आवाज आला. तिळाच्या रेवडीचा तुकडा दिसतो तसा, तपकिरी, एका बाजूला काटे. रिपोर्ट: कॅल्शियम ऑक्सलेट. टॅम्सुलोसिन चालू होती, कढण पण चालू होतं (माई, रोज), पाणी पण. त्यामुळे कशाने पडला ते विचारू नका.

कोयनामाई

कढणाने.

मूत्रपुराण

😀 माई, सात टक्के मला द्या, बाकी तुमचे.

आडवातिडवा

अभिनंदन. स्टेंट वाचला.

खवट

एक राहिलं. गाळणी कुठली वापरलीत, घरातली?

चिंचोके

चहाची. नवीन आणलीये, पण जुनी कुठली आणि नवी कुठली हे आता बायको पण खात्रीने सांगत नाही.